टोपीतली करंगळीएवढी जागा

सणसर, ता. इंदापूर
दि. १२ जानेवारी २०२५

चि. अविराज यास प्रगतीताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू नुसतं व्हय व्हय करतोस आणि ठेवला की विसरतोस, म्हणून कागदावर लिहितेय. हा कागद खिशात ठेव.

आपली छकुली आता सात महिन्यांची झाली, आठवा चालू आहे. जन्मल्यावर तीन आठवडे काचेच्या पेटीत ती एकाच कुशीवर होती, त्यानं डोकं उजवीकडून मागं चपटं झालं, हे तुला माहीत आहे. ते गोल व्हावं म्हणून बारामतीहून कडक टोपी करून आणली, त्याला दोन महिने झाले. तेवीस तास घालायची आणि अंघोळीपुरती काढायची. मी सकाळी अंगणवाडीत असते, त्यामुळं अंघोळ आणि टोपी दोन्ही आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

पण माप जागचं हललेलं नाही. टोपी बसवणारे रामहरी सर म्हणाले की केस दाट झालेत, घामानं टोपी वर सरकते, आधी केस काढा. वर्षाच्या पुढं डोकं असं वळत नाही, तेव्हा जे व्हायचं ते या चार महिन्यांत. आता जावळ मामाच्या मांडीवरच निघणार, यावर आत्या ठाम आहेत. हे म्हणाले मीच बसतो मामाच्या जागी, तर आत्यांनी विचारलं की तू बायकोचा भाऊ कधीपासून झालास.

बारशाला आला नाहीस, भाऊबीजेलाही नाही. या वेळी ये.

तुझी वाट बघणारी,
ताई


भरतपूरकडचा एक मळा, राजस्थान
दि. २१ जानेवारी २०२५

ती. ताईस अविराजचा शिरसाष्टांग नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाई धोंडाबाई मावशींना पण.

पत्र पोचलं. खिशात हाय. इथं जिकडं बघावं तिकडं मोहरी पिवळी, आणि आमच्या मधमाशांच्या दीडशे पेट्या मधोमध. काल एका उंटानं आमचं पिठाचं पोतं फाडलं. मालक उंटवाल्याशी भांडायला गेले आणि त्याच्याकडंच जेवून आले. मी पण गेलो होतो, बाजरीची भाकरी आपल्यासारखी न्हाय, जाड असती, पण तूप लई घालतात.

हां, तर जावळ. येतोय. एक तारखेला दौंडला उतरतो. बारशाला का आलो न्हाय ते खरं सांगू का, एवढंसं लेकरू हातात घ्यायची भीती वाटली. तू तिचा काचेच्या पेटीतला फोटो पाठवला होतास, तो बघून चार दिवस मला जेवण गेलं न्हाय. आता मांडीच पाहिजे म्हणतात तर ती आणतो.

तुझा भटक्या भाऊ,
अवि


तोच मळा
दि. १५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुझ्या पुरणपोळ्या मथुरेपर्यंत पुरल्या, शेवटची एका म्हातारबाबाला दिली, तो म्हणाला गुजरातची का. मी व्हय म्हणून सोडून दिलं.

छकुली मांडीवर कशी गप बसली. वस्तरा फिरत होता आणि ती माझ्या शर्टाचं बटण बघत होती. एवढा विश्वास माझ्यावर अजून कुणी टाकलेला न्हाय, मालकांनी तर न्हायच. मला बोलावलंस, ताई, उपकार झाले.

मावशींना सांग, त्यांची युक्ती मी चोरली. तू चुलीपाशी होतीस तेव्हा टोपी मीच काढली, तर आत उजवीकडं मागं निळ्या लुगड्याची शिवलेली कापसाची गादी खोचलेली दिसली. तेवढी एकच जागा मोकळी होती म्हणून भरली, असं मावशी म्हणाल्या. मी माझ्या जाळीच्या टोपीत तशीच शिवली. आता टोपी हलत न्हाय, फटीतून माशी घुसत न्हाय. लई आराम हाय.

इथं थंडी कमी झाली. एक कुत्रं मागं लागलंय, त्याला मोहरी म्हणतो.

लक्ष असू दे,
अवि


सणसर
दि. ६ एप्रिल २०२५

चि. अविराज यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं फेब्रुवारीतलं पत्र वाचता वाचता मी कुत्र्यापर्यंत गेले आणि परत मागं आले. कसली गादी? टोपीत मी कधी पाहिली नव्हती.

आत्यांना विचारलं. त्यांनी छकुलीच्या टोपीतून काढून दिली. त्यांना वाटलं होतं की टोपी तिथं ढिली शिवलीय, लेकराचं डोकं आपटंल. अंघोळीनंतर टोपीबरोबर घालायच्या, दुसऱ्या दिवशी अंघोळीलाच काढायच्या, आणि टोपीला माझा हात लागतच नव्हता. सरांकडे जायच्या दिवशी तर घालायच्याच नाहीत, घरची चिंधी साहेबांना दिसू नये म्हणून. मला आधी राग आला. मग दिसलं, गादीचा टाका इतका बारीक की मायेशिवाय तसा पडत नाही.

त्याच दिवशी आत्यांना घेऊन बारामतीला गेलो. रामहरी सर रागावले नाहीत. चपट्या बाजूला मुद्दाम जागा ठेवलेली असते, डोकं तिथं वाढत जातं, तीच जागा आपण भरत होतो, हे त्यांनी आत्यांची करंगळी त्या फटीत घालून दाखवलं. परत येताना आत्या एसटीत सगळी वाट ती करंगळी बघत होत्या. सणसरला उतरल्यावर म्हणाल्या की मामा आला नसता तर मी लेकराची वाट अडवूनच बसले असते.

तेव्हापासून रोज अंघोळीनंतर त्या टोपी घालतात आणि करंगळी आत घालून बघतात. पहिल्यांदा पेरभर जायची, मग अर्धं पेर. परवा सरांनी माप घेतलं, आकडे पाहून दोनदा घेतलं, आणि हसले. तू मांडी आणलीस म्हणून माप हललं, हे मी विसरणार नाही. मृग बहराला इकडं डाळिंब फुलेल तेव्हा पेट्या आण, वाढदिवसही होईल. मोहरीला पण आण.

निळी गादी सोबत पाठवतेय, आत्या म्हणाल्या हिची जागा तुझ्या टोपीत. आणि तुला मुद्दाम कळव म्हणाल्या, आज सकाळी करंगळी आत गेली नाही.

तुझ्या ऋणात राहायला आवडणारी,
ताई