चौदा खंड, न सापडलेले

३ जून
समितीची बैठक. वकिलांच्या लायब्ररीतले कायद्याचे सगळे जुने खंड इलेक्ट्रॉनिक रूपात शोधायचे. जो सापडेल, त्याची छापील प्रत रद्दीत. यादी मीच करायची. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा मान, दुसरं काय. कॉम्प्युटर नीट शिकण्याचा संकल्प. उद्यापासून.

५ जून
चौदा खंडांपुढे 'सापडत नाही' लिहिणार. भावनेचा प्रश्न नाही, ते अचूक आहेत एवढंच. कायदा बदलला की दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून यायच्या, त्या कापून त्या त्या पानावर चिकटवायच्या. मी वाकड्या चिकटवायचो, म्हणून ही मला रविवारी खंड घरी आणायला लावायची आणि स्वतः चिकटवायची. तिच्या चिठ्ठीची कड डोळ्यांआधी अंगठ्याला कळते. तिला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. त्याचा इथे काही संबंध नाही.

११ जून, दुपारी ३
साडेतीनशे सापडले. चौदा शोधलेच नाहीत, त्यामुळे 'सापडत नाही' हे खोटंही नाही. वकिलांच्या संगतीचा गुण.

१४ जून
अध्यक्ष टेबलाशी आले. चौदा वेळा 'सापडत नाही' पाहून हसले. म्हणाले, "राहू द्या हो, या वयात तुम्हाला कुठे जमायचं? दुसऱ्या कुणाला तरी सांगतो."
मला जमायचं नाही? पाऊण तासात चौदाच्या चौदा काढून दाखवले. त्यांनी तोंडात बोट घातलं. चहा मागवला माझ्यासाठी.

१४ जून, संध्याकाळी
घरी आल्यावर लक्षात आलं. घाबरण्यासारखं काही नाही. ते चौदा ठेवून घ्यावेत असा सोमवारी अर्ज देतो.

१७ जून
अर्ज लिहिला. भाषा फार रडकी वाटली. फाडला. उद्या नवा.

१९ जून
रद्दीचा टेम्पो काल येऊन गेला. मी नेमका ब्लडप्रेशर तपासायला गेलेलो. मुलीचा फोन. "बाबा, एक तरी खंड मागून घ्यायचा होता. आईचा हात होता त्यांत." ती लायब्ररीची मालमत्ता आहे, असं तिला समजावलं.

२४ जून, सकाळी ११
चौदांतला अकरावा खंड उघडला, स्क्रीनवर. पान २१४. दुरुस्ती मजकुरातच घातली आहे, शब्दन् शब्द बरोबर. कुणी बघत नाही असं पाहून अंगठा फिरवला.
नुसती काच.
यादीतलं 'सापडत नाही' खोडून शेऱ्यात लिहिलं : सापडला.