थोरलीचा आवाज

४ मार्च, सोमवार
नोकरी लागली! मनोरुग्णालयात दुभाषी. नवरा म्हणाला, बायको वेड्यांच्या इस्पितळात कामाला, आता मला कोण शहाणं म्हणणार? मी म्हटलं, आधी कोण म्हणत होतं? या परक्या शहरात घरी बसून तोंडाला कोळिष्टकं लागायची वेळ आली होती. वॉर्ड पाचव्या मजल्यावर. भिंती फिक्या पिवळ्या, खुर्च्या जमिनीला स्क्रूने आवळलेल्या, खिडकी जेमतेम चार बोटं उघडते. डॉक्टरीणबाई बोलायला गोड. नियम एकच, मध्ये आपलं काही घालायचं नाही. पेशंट ‘मी’ म्हणाला की मीही ‘मी’च म्हणायचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तरी तेच. दिवसभर दुसऱ्यांचं ‘मी’ होऊन घरी आले. मजा वाटली.

७ मार्च, गुरुवार
माझी पेशंट आपलीच भाषा बोलणारी, साठीची. मुलाकडे राहायला आलेली. मी तिला मावशी म्हणते, ती मला पोरी. तिला तिच्या मेलेल्या थोरल्या जावेचा आवाज येतो. सुनेच्या कानावर ते गेलं, ती घाबरली आणि इथे घेऊन आली. थोरली बोलते तरी काय? कांदा बारीक चीर. केस विंचर, कसा अवतार करून बसलीस. सुनेवर डाफरू नकोस, तिलाही आई आहे. दोघींनी एका छपराखाली उभा जन्म काढला, जिवंतपणीही ती हेच बोलायची म्हणे. सांगताना मावशी हसत होती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारायला लावलं, तो आवाज कुणाचा जीव घ्यायला सांगतो का?

मावशी म्हणाली, “अगं, ती झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायची.”

१२ मार्च, मंगळवार
डॉक्टरीणबाई वाईट नाहीत, हे लिहून ठेवते. आवाजाचं ऐकून गच्चीवरून उडी मारलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या लोकांना येतो तो आवाज बहुधा अनोळखी, शिव्या देणारा. त्यामुळे आवाज म्हटलं की त्यांना घरात चोर शिरल्यासारखं वाटतं. मी नियम सोडून म्हटलं, आमच्या घरांत गेलेलं माणूस बोललं तर दार लावून घेत नाहीत, काय हवंय ते विचारतात. बाबा गेले तेव्हा मलाही त्यांची हाक ऐकू यायची.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पेशंटकडे पाहतात तसं.

१५ मार्च, शुक्रवार
मावशीचं औषध वाढलं. रोज सकाळी बैठक. बाई त्यांच्या भाषेत सांगतात, मी आपल्या भाषेत. ती खरी नाही. तो तुमचा आजार आहे. तिचं ऐकू नका. पुन्हा पुन्हा तेच. मावशी बाईंकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघते. आज तिने विचारलं, पोरी, थोरलीने तुझं काय वाकडं केलंय?

१९ मार्च, मंगळवार
थोरली बोलायची थांबली. बाईंनी माझे आभार मानले. मावशी मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली, जेवणाला हात लावत नाही. डोक्यात आता शांत आहे का, म्हणून विचारलं. म्हणाली, शांत कुठलं, दुसरी आलीये. ही शिव्या देत नाही, अहोजाहो करते, पण क्षणभर सोडत नाही. ती खरी नाही, तुम्ही आजारी आहात, सून खरी नाही, तुम्हीही नाही.

बाईंनी विचारायला लावलं, हा आवाज कुणाचा?

मावशी म्हणाली, “तुझा.”

मी शब्दाला शब्द सांगितला. बाईंना वाटलं, त्यांनाच म्हणतेय. मावशीचं बोट माझ्याकडे होतं.

२० मार्च, बुधवार
ती वाक्यं यापुढे माझ्या तोंडून निघणार नाहीत, असं बाईंना सांगून टाकलं. मग काम सोडा, म्हणाल्या. म्हटलं, सोडणार नाही. मी गेले तर ती बोलणार कुणाशी? मग त्यांच्यादेखत मावशीला म्हटलं, मी तुमच्याशी खोटं बोलले, थोरलीला परत बोलवा. मावशीने मान हलवली. म्हणाली, ती यायची नाही. जाताना सांगून गेलीये कुठे जाते ते.

तुझ्याकडे.

२२ मार्च, शुक्रवार
भरदुपारी भाजी चिरत होते. कानाशी आवाज आला, बारीक चीर.
मागे कुणी नाही. सुरी पायावर पडता पडता राहिली.
बाबांची हाक आतून यायची. ही बाहेरून. डाव्या खांद्यामागून — श्वासासकट.

२३ मार्च
नवऱ्याला सांगितलं. चुकलं. हा माणूस कशावरही विनोद करतो, यावर नाही केला. बाथरूममध्ये जाऊन त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. दाराबाहेरून सगळं ऐकू आलं.
थोरली म्हणाली, रडतेस काय, आधी जेवून घे.
भीती वाटतेय. तिची नाही.

२५ मार्च
पाचवा मजला. मावशीच्या शेजारची खाट माझी.
बाई अजून गोडच. आवाज काय सांगतो? त्यांच्याच भाषेत सांगितलं — ताठ बस, यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणू नकोस. हेही सांगितलं, की मावशीचं माणूस तुम्ही हाकललंत आणि तिथे माझा आवाज बसवलात. त्या लिहीत राहिल्या.

२६ मार्च
थोरली बोलते ते मी मावशीला सांगते. मावशी आज जेवली. हसलीसुद्धा.
उद्यापासून माझी बैठक. नव्या दुभाष्याची गरज नाही — तीच वाक्यं, सरळ माझ्याशी.
हो म्हणणार नाही. काय करायचं ते करा.

२७ मार्च
इंजेक्शन दिलं. हात जड — अक्षर नीट येत नाही —
थोरली लांबून बोलते. भिंतीपलीकडून. तिच्यावर दुसरा आवाज चढतोय. गोड. ओळखीचा — माझाच —
ती खरी नाही. तुम्ही आजारी —
गप्प. माझ्या घरच्या माणसाला खोटं म्हणायचं नाही. माझ्या तोंडून तर मुळीच नाही —
मावशीने हात घट्ट धरलाय. थोरल्या बाई, जाऊ नका. मोठ्याने बोला. आम्ही दोघी ऐकतोय. काय करू ते सांगा, मी आत्ता उठून —