खिडकीजवळचं बाकडं

मंगळवार, संध्याकाळ

आज फार दमले. वाचनालयाचं नूतनीकरण चाललंय आणि अध्यक्षांना खिडकीजवळचं बाकडं काढून तिथे अभ्यासाचे बंदिस्त कप्पे हवेत. आराखडा देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण त्या बाकड्यावर रोज शमीमआपा बसतात. द्वारका शिंपिणीच्या दुकानात दिवसभर शिवण करून येतात, मासिक उघडतात आणि बराच वेळ नुसत्या बाहेर बघत राहतात.

आज अध्यक्ष त्यांच्यादेखतच मला म्हणाले, "मॅडम, मुलांना जागा पुरत नाही. आणि या बाई तर वाचतही नाहीत."

मी तोंड उघडायच्या आत आपाच म्हणाल्या, "वाचते ना साहेब. पण आधी जरा शांत बसावं लागतं. घरी कुठे बसू?"

अध्यक्ष ओशाळले. कप्पे मागच्या भिंतीला लावायचं ठरलं, बाकडं राहिलं. मग मला बरं का वाटत नाहीये?

कारण नंतर आपा तिथेच बसल्या, पण मान खाली घालून एकामागून एक पानं उलटत राहिल्या. अध्यक्ष निघून गेले तरीही. जाईपर्यंत त्यांनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.