बंदुकीचं पुढचं लाकूड

आबा, त्या दिवसाबद्दल तुम्ही शेवटपर्यंत बोलला नाहीत आणि मीही विषय काढला नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. शिरूरच्या आपल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तरी थंडीत डावं कोपर ठणकलं की मला नवऱ्याचा नाही, तुमचा राग येतो. ही काय तऱ्हा आहे, कोण जाणे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. केडगावाजवळच्या माझ्या सासरी भिंतीवर जुनी दुनळी बंदूक टांगलेली असायची. परवाना सासऱ्यांचा, पण उसात रानडुकरं शिरली की ती उचलायचा माझा नवरा. त्या दुपारी डुकरं नव्हती, मी होते. चार दिवस माहेरी जाते म्हणाले, एवढंच. त्यानं दस्ता धरून बंदूक काठीसारखी फिरवली. नळ्यांखाली डाव्या हातानं धरायचं असतं ते पुढचं लाकूड माझ्या कोपरावर उभं चिरलं. हाड आणि लाकूड एकदमच गेलं. हात पदरात बांधून मी चौफुल्यावरून जीपनं शिरूरला आले. तुम्ही प्लॅस्टर घालून आणलंत, पण एक शब्द विचारला नाहीत.

आठवड्यानं सासरे बंदूक घेऊन दुकानात आले. मी पडद्यामागे उभी. "हातातनं पडली, पाव्हणं. लाकूड बदला. आन् सूनबाईला बी तयार ठेवा, दोन्ही संगंच न्हेतो." तुम्ही चिरलेलं लाकूड उलटंपालटं केलंत आणि म्हणालात, "व्हय. चांगलं लाकूड घालू." तेव्हा हातात हातोडा असता तर मी तुमचंच डोकं फोडलं असतं.

तुम्ही पेटीतून अक्रोडाचा एकुलता एक तुकडा काढलात. एका मोडीत निघालेल्या बंदुकीचा, किती वर्षं कुणाला दिला नव्हता. मी ओरडले, "त्या बंदुकीला अक्रोड? बाभूळ घाला, नाहीतर चुलीत घाला!" तुम्ही वरही पाहिलं नाहीत. "दस्ता अक्रोडाचा हाय. जोड जमाया पायजे." मग ते तुमचं चालू झालं: लाकूड नळ्यांना जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला काजळी लावायची, लाकडात दाबायची, काळं उमटेल तेवढंच किसायचं, पुन्हा दाबायची. इतकी माया तुम्ही माझ्या मोडक्या हातालाही लावली नव्हती. मी पिशवी भरून ठेवली. बंदुकीसारखीच मलाही दुरुस्त करून परत धाडणार, हे मला कळून चुकलं होतं.

काम होत आल्यावर तुम्ही निरोप धाडलात, "धरणाऱ्याला घिऊन या. मुठीच्या मापाबिगर शेवटचा हात फिरवता येत न्हाई." हे खोटं नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाची मूठ बघूनच तुम्ही लाकूड घासायचात.

दोघं येतात. नवरा पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघून हसतो. "या जावई. हात ठेवा. डावा," तुम्ही म्हणता. तो ऐरणीवर हात ठेवतो, पंजा पसरून. तुम्ही पट्टी बसवलेलं ते नवं लाकूड उचलता आणि त्याच्या मनगटावर घालता. हाड मोडल्याचा आवाज पडद्यापर्यंत येतो. तो खाली बसून किंचाळतो, तर तुम्ही दुसरा घाव कोपरावर घालता. सासरे बंदुकीच्या सुट्या ठेवलेल्या नळ्या उचलून तुमच्या तोंडावर मारतात. तुमचा दात फरशीवर पडतो. रक्त गिळत तुम्ही ते लाकूड त्यांच्या डोळ्यांपुढं धरता. "बघा, रेघ बी न्हाई. आता न्हाई चिरायचं. बंदूक घिऊन जावा. पोर हितंच ऱ्हाईल."

त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर आधीचं लाकूड कशावर फुटलं, तेही सांगावं लागलं असतं. मी परत गेले नाही.

ते गेल्यावर मी उंबऱ्यात बसून मोठमोठ्यानं रडले. तुम्ही तोंड धुऊन आलात, म्हणालात, "तुझ्याम्होरं नको होतं करायला. किती झालं तरी नवरा हाय." आणि त्यानंतर जन्मभर माझ्याशी बोलताना नजर चुकवलीत.

हे लिहिलेले कागद कुठं टाकणार, राहतील उशाखाली. पण आबा, मी त्याच्यासाठी रडत नव्हते. माझा उजवा हात शाबूत होता. एक घाव तरी मला घालू द्यायचात.