ग्रासिंदाची चव

फिगेइरा, १९ जानेवारी १९८४

चि. इदालिनास बेल्मिरूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या ताईला, माझ्या ग्रासिंदाला, जाऊन परवा दोन महिने झाले. चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली. शेजारणींनी लसूण-कोथिंबिरीचं पाव घातलेलं सार आणून दिलं, ते खाल्लं. पॅरिसहून तुला वेळेत पोचता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी शेवटी ती मलाही ओळखत नव्हती.

आता बावीस वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट. आमच्या सहकारी वाइनघराची तांबडी वाइन तीन द्राक्षांची: आरागोनेश भरीला, त्रिंकादैरा वासाला, आलिकांते रंगाला. कोणती किती मिसळायची ते मी ठरवतो, असं सगळे समजतात. एवढी स्वस्त असून एवढी चांगली, ती बेल्मिरूच्या जिभेमुळे, असं म्हणतात. इदालिना, माझ्या जिभेला काही कळत नाही. मी औषधाच्या बाटल्यांतून नमुने घरी आणायचो. ग्रासिंदा चुलीपाशी उभ्याउभ्या घोट घ्यायची, आलिकांते कमी कर, तोंड आवळतंय, म्हणायची. दुसऱ्या दिवशी मी तेच वाइनघरात सांगायचो. बायकांना तळघरात बंदी. त्यांच्या सावलीनं वाइन आंबते म्हणे.

पुढच्या महिनाअखेर मिश्रण ठरवायचंय. नमुने समोर घेऊन नुसता बसून राहतो. तिनं तुला कधी काही प्रमाण लिहिलं होतं का?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
बेल्मिरू

पॅरिस, २७ जानेवारी १९८४

ती. दाजींस इदालिनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग जिना पुसता पुसता तिथेच बसून रडले. दाजी, मला सगळं ठाऊक होतं. ताई दरवर्षी लिहायची. जत्रेत टाळ्या घेताना तुम्ही कोंबड्यासारखी मान कशी ताठ करता, ते ती रंगवून लिहायची.

पण एका वर्षी तिनं लिहिलं, की सगळ्यांनी तुमच्या नावानं पेले उंचावले तेव्हा ती बायकांच्या रांगेत मागे उभी होती, आणि तिच्या हातात कोणी पेला दिला नाही. राग नाही आला, असंही लिहिलं होतं. त्या पत्रात दोनदा लिहिलं होतं.

प्रमाण कुठलंच नाही. दरवर्षी द्राक्ष वेगळं, म्हणायची. ती पिणाऱ्याचा विचार करायची. बुचाच्या झाडांची साल सोलून आलेला माणूस, पुढ्यात पाव आणि ऑलिव्ह, मांस नाही. त्याच्या रिकाम्या पोटाला वाइन बोचता कामा नये. एवढंच.

मिश्रण तुम्हीच करा. पण आधी खरं सांगून टाका. निदान आता तरी.

रागावलेली, तरी तुमचीच,
इदालिना

फिगेइरा, ६ मे १९८४

चि. इदालिनास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितलं. वाइनघराच्या भर सभेत टोपी हातात घेऊन उभा राहिलो. आधी हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, बायको गेल्यानं याचं डोकं फिरलंय, घरी पोचवा कोणीतरी. तेव्हा बाटल्या धुणारी झुल्मिरा उंबऱ्याबाहेरूनच ओरडली, की तो खरं बोलतोय, आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं, तुम्हा पुरुषांनाच तेवढं कळलं नाही. मग कोणी हसलं नाही.

मिश्रण मीच केलं, दुसरं कोणी पुढे येईना. तू लिहिलंस तसा रिकाम्या पोटी, पाव-ऑलिव्ह घेऊन बसलो. तरी चुकलंच. मग काम सोडलं. थांब, असं कोणी म्हटलं नाही.

मला टोचतं ते वेगळंच. तुला हे कसं कळतं, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती सांगत बसली असती. तिला बोलायला आवडायचं.

नवी वाइन गेल्या आठवड्यात खानावळीत आली. खरखरीत, घशाला लागते. काल मी कोपऱ्यात बसलो होतो. मजूर आले. एकानं घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, ग्रासिंदा गेली. बाकीच्यांनी माना हलवल्या. आता रोज कोणी ना कोणी तसं म्हणतं. बावीस वर्षांत तिथे तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

माझ्यावरची माया कमी झाली असेल, तर उरलेली तेवढी राहू दे.

तुझा दाजी,
बेल्मिरू