अर्धी भाकरी

जळगाव, १८ ऑगस्ट १९९३

आज फार थकले. सुनंदाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण मुलगी अगदीच लहान, आणि सुनंदाच्या सासूनं दवाखान्यातच तिला धारेवर धरलं. “नऊ महिना काय खाधं व तू?”

माझी लेक नुसती रडत राहिली. खरंच, ती अर्धीच भाकरी खाते, तीही सगळ्यांची जेवणं झाल्यावर. पण हे शिकली कोणाकडून? माझ्याकडूनच. आणि माझी अर्धी भाकरी बहात्तरच्या दुष्काळातली. सुनंदा पोटात होती तेव्हा मी सरकारी कामावर खडी फोडत होते. जन्मली तेव्हा तीही अशीच, ओंजळीत मावेल एवढी.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, “माझी तेव्हाची उपासमार नातीपर्यंत पोचली असेल का हो?”

त्या म्हणाल्या, “नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण नाही, असंही मी म्हणणार नाही.”

मग विहीणबाईंना म्हटलं, “तिला बोलू नका. दुष्काळात ती माझ्या पोटात होती.”

त्यांनी बाळाचं दुपटं नीट केलं. मग हळूच म्हणाल्या, “त्या सालले मी बी खडी फोडेल शे. मना पोऱ्या तवय पोटमा व्हता.”

म्हणजे जावईसुद्धा? मग या पोरीच्या दोन्हीकडून... पुढचा विचार करवेना.

व्याही आणि जावई अजून जेवायचे होते. विहीणबाईंनी घरून आणलेला डबा उघडला आणि शिऱ्याचा पहिला घास सुनंदाला भरवला.