दोन कार्बोरेटरची गाडी कोणाला द्यावी याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चहाखेरीज कशाच्याही अमलाखाली नसताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. डोळे चष्म्यासह ठीक आहेत. डाव्या कानाबद्दल कलम चारमध्ये लिहिले आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात धाकट्या भावाला काहीही मिळू नये असे मी दोनदा लिहिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. वर्कशॉप, वरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते माझ्या मुलीचे. जिन्याची तिसरी पायरी हलते, हे तिला ठाऊक आहे. जावयाने सल्ला द्यावा, विचारला तर. पत्नी हयात नाही. ती असती तर हे मृत्युपत्र तिने सांगितले असते आणि मी लिहिले असते.

कलम २. हत्यारे तंत्रशाळेला द्यावीत. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे, फळीसकट न्यावीत. एक आकृती सहा वर्षे रिकामी आहे.

कलम ३. ती चौदा नंबरच्या पान्याची. पाना शेजारच्या शिंप्याने शिलाई मशीनसाठी "पाच मिनिटं" नेला होता. तो त्याच्याकडेच राहू द्यावा असे मी आधी लिहिले होते. पण शिंपी या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि वकीलबाई म्हणाल्या की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा पाना परत हवा. कायद्याचा मला झालेला हा पहिलाच उपयोग.

कलम ४. दोन सिलिंडरच्या जुन्या गाडीला दोन कार्बोरेटर असतात, प्रत्येक सिलिंडरला हवा-पेट्रोल पाजणारा एकेक. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर एक सिलिंडर राबतो आणि दुसरा आयते खातो. हवा ओढल्याचा आवाज रबरी नळीने कानाशी ऐकायचा आणि स्क्रू फिरवून दोन्ही आवाज जुळवायचे, एवढेच ते काम. आम्ही भाऊ ते दोघे मिळून करत असू. मी उजवीकडे बसे, तो डावीकडे आपल्या बुटक्या स्टुलावर, आणि प्रत्येकाच्या कानाला आपापली नळी. ऐकू येईल तो सूर दोघे तोंडाने गुणगुणत असू. दोन्ही सूर एक झाले की गाडी जुळली. येणारे-जाणारे हसत. गाडी मात्र अशी चाले की टाकीवर ठेवलेला चहाचा कप हिंदकळत नसे.

दहा वर्षांपूर्वी त्याचा हात मोडला आणि तो महिनाभर घरी बसला. तेव्हा मी डॉक्टरांनी टाकून दिलेला एक स्टेथोस्कोप आणला, नळी कापली आणि एक टोक डाव्या कार्बोरेटरला, दुसरे उजव्याला लावले. डावा आवाज डाव्या कानात, उजवा उजव्या कानात. दोघांचे काम एकटा करू लागलो आणि स्वतःवर फार खूश झालो.

भाऊ परत आला त्या दिवशी मास्तरांची गाडी नुकतीच जुळवून झाली होती. मास्तर आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. भावाने दोन्ही सायलेंसरांजवळ तळहात धरला आणि त्यांच्यादेखत म्हणाला, "दादा, डावा जास्त उघडलाय. तुझा डावा कान एकदा दाखवून घे."

मी म्हणालो, "माझा कान बरा आहे. तुझ्यावाचून अडत नाही, हे तुला खुपतंय."

त्याने स्टूल उचलले आणि गेला. दोन वळणे पुढे त्याने स्वतःचे दुकान टाकले. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

गेल्या महिन्यात मुलीने मला ओढून कानाच्या डॉक्टरकडे नेले. ते म्हणाले, "डावा कान निम्मा गेलाय. हे आजचं नाही, दहा-बारा वर्षांचं आहे." म्हणजे डावा आवाज मला कमी ऐकू येई, आणि तो उजव्याएवढा वाटेपर्यंत मी डावा कार्बोरेटर उघडत राही. दहा वर्षे प्रत्येक गाडी मी बिघडवून दिली होती. पण तक्रार एकानेही केली नव्हती. मी मास्तरांना विचारले. त्यांनी आधी चष्मा पुसला.

"तुमच्याकडून निघालो की आम्ही दोन वळणं पुढे जातो," ते म्हणाले. "तुमचा भाऊ डावा स्क्रू अर्धा फेरा मागे घेतो. पैसे घेत नाही. वर बजावतो, दादाला सांगू नका, त्याच्या जिवाला लागेल."

"सगळेच जातात?"

"सगळेच."

मुलीलाही ठाऊक होते. मला लाज वाटली. हे साध्या शब्दांत लिहितो, कारण त्याला वकीलबाईंकडेही कायद्याचा शब्द नव्हता. स्टेथोस्कोप भंगारात टाकावा.

कलम ५. माझी स्वतःची दोन कार्बोरेटरची गाडी, जी आम्ही दोघांनी भंगारातून उभी केली, ती माझ्या पश्चात धाकट्या भावाची. अट कोणतीही नाही. तिचे कार्बोरेटर मी एकट्याने जुळवलेले आहेत, म्हणजे जुळलेले नाहीत. ही गाडी तो घेईल की नाही, हे मला माहीत नाही. माझ्या दृष्टीने बाकी सगळी कलमे या एका कलमासाठी आहेत.

कलम ६. (सहीच्या वेळी वाढवलेले.) मुलीने हा मसुदा मला न विचारता तिच्या काकाला नेऊन दाखवला. आज सकाळी तो आला. येताना स्टूल घेऊन आला. कलम पाच त्याने उभ्यानेच पुन्हा वाचले.

"म्हणजे तू गेल्यावर मी गाडी घ्यायची," तो म्हणाला. "आणि जुळवायची कुणाबरोबर?"

दुसरा साक्षीदार, औषधाच्या दुकानाचा मालक, अजून आलेला नव्हता. भावाने वकीलबाईंना विचारले, "साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग पेन इकडे द्या."

मी म्हणालो, "चुकलो मी."

तो म्हणाला, "अर्धा फेरा."

सबब कलम पाच रद्द. माझ्या पश्चात गाडी मुलीची. तोवर ती आम्हा दोघांची आहे आणि आज दुपारी जुळवायची आहे.

ठिकाण: वर्कशॉप, गाडीशेजारी.
दिनांक: अठरा, मंगळवार, सकाळी साडेअकरा.

सही: मृत्युपत्र करणारा, उजवीकडे बसून.

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. पाना आणून दिला. सही झाल्यावर पाच मिनिटांसाठी पुन्हा मागितला.

साक्षीदार २: धाकटा भाऊ, डावीकडे, स्वतःच्या स्टुलावर बसून.